लायोसिक्ला

पक्षिवर्गाच्या पॅसेरिफॉर्मीस गणातील लायोथ्रिकिडी कुलाचा एक वंश. या वंशात पाच जाती असून त्या सर्व आशियाच्या पूर्व भागातील डोंगराळ अरण्यांत राहतात. पश्चिमेस नेपाळपासून पूर्वेस तैवान बेटापर्यंत आणि उत्तरेस चीनच्या सेचवान प्रांतापासून दक्षिणेस थायलंड व व्हिएटनामच्या डोंगरांपर्यंत हा वंश तुटक तुटक पसरलेला आहे. ‘लायोसिक्ला’ हे नाव गुळगुळीत व कस्तूर या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून बनविलेले आहे. महाराष्ट्रात या वंशाची एकही जाती आढळत नाही व त्यामुळे त्याला मराठी नाव मिळालेले नाही. मात्र गावाकुसाच्या झाडोऱ्यात थव्याने कलकलाट करीत हिंडणारे सातभाई हे त्याच कुलातील आहेत. या वंशाची महती त्याच्या जातींच्या संख्येत नसून त्या जाती शास्त्राला ज्या रीतीने ज्ञात होत गेल्या त्या इतिहासात आहे. पहिल्या जातीचे वर्णन १८३७ साली व शेवटच्या जातीचे २००६ साली प्रसिद्ध झाले. या सु. १७० वर्षांत पक्ष्याला नाव कोणी द्यावे, कोणत्या पुराव्यावर द्यावे आणि ते कोणाच्या सन्मानार्थ द्यावे, या तिन्ही बाबतींत जो पालट झाला तो या लहानशा वंशात जसा स्पष्ट दिसतो तसा इतरत्र क्वचितच दिसेल.

लायोसिक्ला वंशातील पक्षी सर्वसाधारणपणे बुलबुलाएवढे किंवा त्यापेक्षा थोडे मोठे असून त्यांची लांबी सु. १७ ते २४ सेंमी. असते. अंगाचा रंग तपकिरी, करडा किंवा शेवाळी असतो. पण चेहरा, पंख आणि शेपटी यांवर लाल, नारिंगी किंवा पिवळ्या रंगाचे ठळक पट्टे अथवा डाग असतात. पंख आखूड व गोलाकार असल्यामुळे हे पक्षी लांब पल्ल्याचे उड्डाण करीत नाहीत. ते जोडीने किंवा लहान टोळीने दाट झुडपांत व बांबूच्या रानात वावरतात. कीटक, फळे व बिया हे त्यांचे भक्ष्य होय. शीळ घातल्यासारखा त्यांचा आवाज मोठा व मधुर असून पक्षी दृष्टीस पडण्यापूर्वी पुष्कळदा आवाजानेच त्याचा सुगावा लागतो. नेपाळमध्ये सापडणारी जाती झुडपात वाटीच्या आकाराचे घरटे बांधते व निळसर रंगाची, गडद खुणा असलेली अंडी घालते. इतर जातींचे जीवनक्रमही साधारणपणे असेच असावेत. पण त्यांच्यापैकी काहींचा या दृष्टीने फारच थोडा अभ्यास झालेला आहे.

या वंशातील सर्वांत आधी ज्ञात झालेली जाती म्हणजे लायोसिक्ला फिनीशिया. तिचा चेहरा व पंखांचा काही भाग किरमिजी रंगाचा असतो. जॉन गूल्ड (१८०४–८१) या इंग्रज पक्षिविज्ञांनी नेपाळमधील नमुन्यावरून १८३७ साली तिचे वर्णन केले. गूल्ड हे मुळात पक्ष्यांच्या कातडीत पेंढा भरण्याचे काम करीत. लंडनमध्ये बसून त्यांनी हिमालयातील शंभर पक्ष्यांचा एक भव्य सचित्र ग्रंथ १८३०–३३ च्या सुमारास प्रसिद्ध केला व त्यामुळे त्यांचे नाव झाले. परंतु ज्या पर्वतांचे पक्षी त्यांनी युरोपला दाखविले ते पर्वत त्यांनी स्वतः कधी पाहिले नव्हते. त्या काळी नेपाळमध्ये परकीयांना मुक्त संचाराची परवानगी नव्हती. काठमांडूच्या ब्रिटिश वकिलातीत राहणारे ब्रायन हॉजसन (१८००–९४) यांनाही खोऱ्याबाहेर फारसे जाता येत नसे. त्यांनी स्थानिक शिकारी पदरी ठेवून पक्षी गोळा केले आणि नेपाळी चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढून घेतली. हिमालयातील पक्ष्यांविषयीचे त्या पिढीचे ज्ञान असे दुहेरी परक्या हातांतून गेलेले होते. पक्षी मारणारा कोण होता, तो कोणत्या डोंगरावर कोणत्या ऋतूत मिळाला, त्या डोंगरावरील लोक त्याला काय म्हणत असत, यांपैकी बहुतेक माहिती कातडीबरोबर लंडनला पोहोचतच नसे. चिठ्ठीवर ‘नेपाळ’ एवढा शब्द असला तरी तो पुरेसा मानला जाई.

गूल्ड यांनी या पक्ष्याची गणना दुसऱ्याच वंशात केली होती. लायोसिक्ला हा स्वतंत्र वंश अस्तित्वात आला तो त्यानंतर ४० वर्षांनी, आणि तोही हिमालयापासून फार दूर असलेल्या एका बेटामुळे. या वंशाचे प्रवर्तक रॉबर्ट स्विनहो (१८३६–७७) यांचा जन्म कलकत्त्यात झाला होता. ते चीनमधील ब्रिटिश वकिलातीच्या सेवेत शिरले आणि टिंट्सिनच्या तहानंतर फॉर्मोसा (तैवान) बेटावरील बंदरे परकीय व्यापारास खुली झाली, तेव्हा तेथे ब्रिटिश प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली. कचेरीचे काम बेताचेच असल्याने त्यांनी बेटावरील पशुपक्ष्यांचा संग्रह केला व १८६३ मध्ये फॉर्मोसाच्या पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी प्रसिद्ध केली. परंतु या यादीत एक मोठी उणीव होती व तिची जाणीव स्वतः स्विनहो यांनाही असली पाहिजे. बेटाच्या मध्यभागी असलेल्या उंच पर्वतराजीवर तेथील आदिवासींची सत्ता होती. चिनी अंमल पश्चिमेकडील सपाट प्रदेशापुरता होता आणि परकीयांना डोंगरात शिरणे धोक्याचे होते. त्यामुळे बेटावरील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण पक्षी ज्या उंचीवर राहतात तो भाग त्यांना जवळजवळ अज्ञातच राहिला.

ही उणीव अंशतः भरून काढली ती जोसेफ बील स्टीअर (१८४२–१९४०) या अमेरिकन निसर्गवैज्ञानिकाने. मिशिगन विद्यापीठासाठी वस्तुसंग्रह करीत ते पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते व १८७३–७४ मध्ये ते फॉर्मोसात होते. पक्ष्यांबरोबरच त्यांनी तेथील आदिवासींच्या भाषेत, डचांनी रूढ केलेल्या रोमन लिपीत लिहिलेले जुने करारमदारही मिळविले. भाषाशास्त्रज्ञ त्यांना त्याबद्दल अधिक ओळखतात. त्यांच्या संग्रहातील एक शेवाळी-करड्या रंगाचा, डोळ्यापुढे पिवळा ठिपका असलेला पक्षी स्विनहो यांच्या हाती आला. तोवर प्रकृती खालावल्यामुळे स्विनहो नोकरी सोडून लंडनला परतले होते. हा पक्षी ज्ञात वंशांपैकी कोणत्याच वंशात बसत नाही, असे त्यांचे मत झाले. ‘आयबिस’ या नियतकालिकात १८७७ साली त्यांनी त्याचे वर्णन करून त्याला लायोसिक्ला स्टीराय असे नाव दिले व त्याच्यासाठी नवा वंश स्थापन केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. ज्या डोंगरांतून हा पक्षी आला त्या डोंगरांत पक्षी जिवंत पाहण्याचा योग त्यांना आला नसावा. आज तैवानच्या मध्यम उंचीच्या अरण्यांत ही जाती विपुल आहे; पर्वतांतील रस्त्यांच्या व विश्रामस्थानांच्या आसपासही ती सहज दिसते. एके काळी बंदुकीला न पोहोचणारा पक्षी आता सहलीला आलेल्या मुलांच्या पायांशी उड्या मारतो, हा दैवाचा खेळच म्हणावा लागेल.

पुढील दोन जातींची कथा थोडक्यात सांगता येईल. यूजीन ओट्स (१८४५–१९११) हे ब्रह्मदेशात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील सरकारी ग्रंथमालेतील पक्ष्यांचे पहिले दोन खंड त्यांनीच लिहिले. ब्रह्मदेशातील शान संस्थानांत कर्नल रिपन या लष्करी अधिकाऱ्याने केलेल्या संग्रहातील एका पक्ष्याचे १९०० साली ओट्स यांनी वर्णन केले व त्याला रिपन यांचे नाव दिले (ला. रिपोनाय). याचा चेहरा फिनीशियापेक्षा अधिक भडक लाल असतो आणि अंगाचा रंग फिकट असतो. पुढील जवळजवळ शंभर वर्षे तो फिनीशियाचाच एक प्रादेशिक प्रकार समजला जात होता. स्वतंत्र जाती म्हणून त्याला पुन्हा मान्यता मिळाली ती विसावे शतक संपल्यानंतर. तो पूर्व ब्रह्मदेश, युनान, थायलंडचा उत्तर भाग, लाओस व व्हिएटनाम यांतील डोंगरांत आढळतो.

चौथी जाती चीनच्या सेचवान प्रांतातील ओमेई पर्वतावरची. सु. ३,१०० मी. उंचीचा हा पर्वत बौद्धांचे पुरातन तीर्थक्षेत्र असून यात्रेकरूंच्या वर्दळीमुळे त्यावरील पायऱ्यांच्या वाटा व मठ शतकानुशतके प्रसिद्ध होते. म्हणजे येथे अडचण दुर्गमतेची नव्हती. पक्ष्यांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणारे कोणी तेथे गेले नव्हते, एवढेच. डेव्हिड क्रॉकेट ग्रॅहॅम (१८८४–१९६१) हे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी सेचवानमध्ये दीर्घ काळ राहिले आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेसाठी त्यांनी हजारो नमुने पाठविले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील जोसेफ रायली यांनी १९२६ साली या जातीचे वर्णन केले आणि तिला पर्वताचे नाव दिले (ला. ओमेएन्सिस). दिसण्यात ती तैवानच्या पक्ष्याशी जुळते. तिचा प्रदेश दक्षिण सेचवान व ईशान्य युनान एवढाच आहे. सुंदर रूप व गोड गळा यांमुळे चीनमध्ये तिला पिंजऱ्यात ठेवण्याची आवड वाढली आणि अरण्यतोडीच्या जोडीला पारध्यांचा उपद्रवही सुरू झाला; म्हणून संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा १९९७ मध्ये समावेश करण्यात आला.

येथवरचा इतिहास एकाच साच्याचा आहे. साम्राज्याचा अधिकारी, सैनिक, प्रवासी किंवा धर्मप्रसारक डोंगरात जातो अथवा कोणाला तरी पाठवितो. पक्षी मारला जातो. कातडी समुद्रापार जाते. तेथील विद्वान तिला नाव देतो आणि ते नाव बहुधा आणणाऱ्याच्या गौरवार्थ असते. या पद्धतीची निंदा करण्याचे कारण नाही. संग्रहालयातील कातडी हा असा पुरावा आहे की शंभर वर्षांनंतरही कोणीही तो तपासू शकतो आणि मूळ वर्णन करणाऱ्याची चूक दाखवू शकतो. रिपोनाय ही वेगळी जाती आहे की नाही, हा वाद पुन्हा उकरून काढता आला तो अशा जपून ठेवलेल्या कातड्यांमुळेच. प्राणिनामकरणात ज्या नमुन्यावर जातीचे नाव आधारलेले असते त्याला प्ररूप म्हणतात. प्ररूप हे नावाचे नांगर आहे; ते नसेल तर नाव कोणत्या प्राण्याचे, हेच संदिग्ध राहते.

वर्गीकरणात या वंशाचे स्थान अनेकदा बदललेले आहे. फिनीशिया ही जाती दीर्घ काळ ‘लाफिंग थ्रश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हास्यकस्तुरांच्या वंशांत घातली जात होती. तिचे जुने इंग्रजी नावही त्याचीच साक्ष देते. सर्व वंश मिळून टिमालिडी या अतिविशाल कुलात मोडत. आशियातील ज्या अरण्यपक्ष्यांचे नेमके काय करावे हे कळत नसे ते सारे या कुलात टाकण्याची प्रथा होती, असे म्हटले तरी फारसे चूक होणार नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून जनुकीय द्रव्याच्या तुलनेवरून या कुलाची फोड करण्यात आली व लायोथ्रिकिडी हे स्वतंत्र कुल मानण्यात येऊ लागले. या तुलनेत लायोसिक्ला वंश गॅरुलॅक्स व ट्रॉक्यालॉप्टेरॉन या हास्यकस्तुरांच्या मोठ्या वंशांपेक्षा लायोथ्रिक्स, अॅक्टिनोड्यूरा, मिन्ला व हेटेरोफेशिया या वंशांना अधिक जवळचा ठरला. नीलगिरी व त्याच्या दक्षिणेकडील डोंगरांतील हास्यकस्तुरांसाठी २०१७ मध्ये माँटिसिंक्ला हा वंश निर्माण करण्यात आला. तोही याच शाखेच्या आसपास येतो. म्हणजे सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील पक्ष्यांचे आप्त पूर्व हिमालयात आहेत, हे रंगरूपावरून नव्हे तर रक्ताच्या नात्याने सिद्ध झाले.

तैवानचा व ओमेईचा पक्षी एकमेकांचे इतके जवळचे असूनही त्यांच्यामध्ये विस्तीर्ण सखल प्रदेश व समुद्र पसरलेला आहे. आखूड पंखांच्या पक्ष्याने हे अंतर उडून तोडले असेल हे संभवत नाही. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरांहून अधिक खाली गेलेली असताना तैवानची उथळ सामुद्रधुनी कोरडी पडत असे व बेट चीनच्या भूमीला जोडले जाई. थंड हवेमुळे डोंगरी अरण्येही त्या काळी सखल भागात उतरलेली असत. पुढे हवामान उष्ण होत गेले तशी अरण्ये पर्वतशिखरांकडे सरकली आणि पक्षी त्यांच्याबरोबर वर चढून परस्परांपासून तुटले, अशी उपपत्ती या वंशाच्या तुटक प्रसाराला समाधानकारकपणे लावता येते. पर्वत ही पक्ष्यांच्या दृष्टीने बेटेच होत. ओमेईच्या पश्चिमेला हजार किमी.हून अधिक अंतरावर याच स्वरूपाचे आणखी एक बेट असू शकेल, असा तर्क या नकाशावरून करता आला असता. पण तो कोणी केल्याचे दिसत नाही.

ते बेट म्हणजे अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यातील ईगलनेस्ट परिसर. १९५० नंतरच्या दशकात भारतीय सेनेच्या ‘रेड ईगल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डिव्हिजनचा तळ या भागात होता व त्यावरून या जागेला हे नाव पडले. सेनेने अरण्यातून वर चढत जाणारा रस्ता बांधला. १९६२ च्या युद्धानंतर वाहतूक दुसऱ्या मार्गाने होऊ लागली आणि हा रस्ता ओस पडला. सु. ५०० मी. पासून ३,२०० मी. हून अधिक उंचीपर्यंत अरण्य येथे सलग टिकून आहे. सु. २१८ चौ. किमी. क्षेत्राचे ईगलनेस्ट अभयारण्य १९८९ मध्ये जाहीर झाले. सीमावर्ती प्रदेश असल्यामुळे येथे प्रवेशास परवाना लागतो व पक्षिनिरीक्षकांचे पाय तेथे फारसे लागलेले नव्हते.

जानेवारी १९९५ मध्ये रमणा आत्रेय यांना या भागात दोन अपरिचित पक्षी ओझरते दिसले. आत्रेय हे व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ होते. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात त्यांनी संशोधन केले व पुढे पुण्यातीलच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत ते प्राध्यापक झाले. त्यांनी पाहिलेल्या पक्ष्याचे वर्णन उपलब्ध ग्रंथांतील कोणत्याही भारतीय पक्ष्याशी जुळेना. जे थोडे साम्य दिसत होते ते ओमेईच्या पक्ष्याशी होते. परंतु क्षणभराच्या दर्शनावर नवी जाती उभी करता येत नाही, हे जाणून ते गप्प राहिले. २००३ मध्ये त्यांनी ईगलनेस्टच्या जैवविविधतेच्या अभ्यासाचा प्रकल्प सुरू केला. जानेवारी २००५ मध्ये, म्हणजे पहिल्या दर्शनानंतर बरोबर दहा वर्षांनी, पक्षी पुन्हा दिसला व त्यानंतर अनेकदा दिसत राहिला. सु. २० सेंमी. लांब, अंगाने शेवाळी-करडा. डोक्यावर काळी टोपी. डोळ्यापुढे ठळक पिवळा-नारिंगी डाग. पंखांवर पिवळे, लाल व पांढरे पट्टे. काळ्या शेपटीची टोके लाल आणि शेपटीखालची पिसे किरमिजी, असे त्याचे रूप आहे. एवढा रंगीत पक्षी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अज्ञात राहावा, ही पक्षिविज्ञानाला खाली पाहायला लावणारी गोष्ट होती.

आता प्रश्न होता तो प्ररूपाचा. जुन्या रीतीने एक पक्षी मारून त्याची कातडी संग्रहालयात ठेवली असती तर नावाबद्दल कोणालाच शंका घेता आली नसती. सलीम अली व डिलन रिप्ली यांनी १९४७ साली मिशमी टेकड्यांतून स्पेलिऑर्निस बॅडिग्युलॅरिस ही जाती मिळविली तेव्हा हेच केले होते. ती एक मादी हाच पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्या जातीचा एकमेव पुरावा होता व २००४ पर्यंत ती पुन्हा कोणास दिसली नाही. परंतु ईगलनेस्टमध्ये आत्रेय यांना मोजता आलेले पक्षी अवघे १४ होते व त्यांत विणीच्या जोड्या तीनच होत्या. अशा वेळी एक पक्षी मारणे म्हणजे साऱ्या ज्ञात संख्येचा चौदावा हिस्सा आणि कदाचित एक घरटे नष्ट करणे होते. आत्रेय यांनी पक्षी जाळ्यात पकडून त्यांची मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली, जाळ्यात सुटून राहिलेली पिसे जपून ठेवली आणि पक्ष्यांना सोडून दिले. २००६ मध्ये ‘इंडियन बर्ड्‌स’ या नियतकालिकात त्यांनी या सामग्रीच्या व ध्वनिमुद्रणाच्या आधारे नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले.

या निर्णयाला धोका नव्हता असे नाही. प्ररूप म्हणून कातडी न ठेवता पक्ष्याचे वर्णन केल्याचे एक उदाहरण पक्षिविज्ञानात आधीच घडले होते आणि त्याचा शेवट बरा झाला नव्हता. सोमालियातील बुलो बुर्ती येथे एका रुग्णालयाच्या आवारात १९८८ मध्ये एक अनोखा खाटीक-पक्षी दिसला. त्याला पकडून जर्मनीस नेण्यात आले, त्याचे रक्त व पिसे घेण्यात आली आणि नंतर सोमालियात परत आणून त्याला मोकळे सोडण्यात आले. १९९१ मध्ये त्याला ‘मुक्त केलेला’ या अर्थाचे जातिनाम देऊन नवी जाती म्हणून जाहीर करण्यात आले. पुढे २००८ साली अधिक व्यापक जनुकीय तुलनेवरून तो त्या भागातील एका परिचित जातीचाच वेगळ्या रंगाचा पक्षी असल्याचे दाखविण्यात आले. कातडी जपून ठेवली असती तर हा भ्रम अगोदर दूर झाला असता, असे पारंपरिक पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणतात व त्यात तथ्य आहे. परंतु दोन्ही उदाहरणांतील भेदही ध्यानात घेतला पाहिजे. सोमालियात एकुलता एक पक्षी होता. ईगलनेस्टमध्ये अनेक पक्षी, अनेक दिवस, जोडीने व टोळीने पाहिले गेले, त्यांचे आवाज नोंदले गेले आणि नंतरच्या वर्षांत शेकडो निरीक्षकांनी ते पाहिले. एखाद्या विकृत रंगाच्या पक्ष्याला अशी प्रजा असत नाही.

आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेच्या १९९९ च्या आवृत्तीत, जतन न केलेल्या नमुन्यावर आधारलेल्या नावाला मुभा आहे. तिचा अर्थ काय घ्यावा यावर मात्र पुढे बराच खल झाला. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका माशीचे वर्णन केवळ छायाचित्रांवरून करण्यात आले, तेव्हा शेकडो वर्गीकरणवैज्ञानिकांनी त्याविरुद्ध सह्या केल्या. अखेर २०१७ मध्ये नामकरण आयोगाने, नमुना न जपता नाव देणाऱ्याने त्याची कारणे द्यावीत व पर्यायी पुरावा होता होईल तो विपुल गोळा करावा, अशा आशयाच्या शिफारशी संहितेला जोडल्या. ईगलनेस्टच्या पक्ष्याच्या वर्णनात या दोन्ही गोष्टी त्याच्या कितीतरी आधी पाळल्या गेल्या होत्या.

नाव देतानाही आत्रेय यांनी जुना रिवाज मोडला. ईगलनेस्टच्या उत्तर सीमेलगत सिंगचुंग व आसपासच्या गावांत बुगुन ही लहान आदिवासी जमात राहते. पक्षी ज्या भागात मिळाला त्या भागातील अभयारण्याबाहेरचे अरण्य या जमातीच्या सामुदायिक मालकीचे आहे. नव्या जातीचे नाव लायोसिक्ला बुगुनोरम, म्हणजे ‘बुगुनांची लायोसिक्ला’, असे ठेवण्यात आले. गूल्ड यांच्या वेळी ज्या डोंगरवासीयांची चिठ्ठीवर नोंदही होत नसे, त्यांचेच नाव या वंशाच्या शेवटच्या जातीने धारण केले आहे.

हे नाव केवळ सौजन्याचे नव्हते. त्यात व्यवहारही होता. ईशान्य भारतात १९९६ पर्यंत लाकूडतोड हे उपजीविकेचे एक प्रमुख साधन होते. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती बहुतांशी बंद पडली व डोंगरातील अनेक कुटुंबांचे उत्पन्न एकाएकी थांबले. अरण्य राखण्यात ज्यांचा तोटा आहे त्यांच्याकडून ते राखले जाण्याची अपेक्षा कोणी करू नये. आत्रेय यांच्या प्रकल्पापासून ईगलनेस्टमध्ये येणाऱ्या पक्षिनिरीक्षकांची निवासव्यवस्था व वाटाडेगिरी बुगुन व शेजारच्या शेर्तुक्पेन लोकांकडे सोपविण्यात आली, आणि नवा पक्षी पाहण्यासाठी देशोदेशीचे लोक येऊ लागल्याने या उत्पन्नाला आधार मिळाला. २०१७ मध्ये बुगुन लोकांनी आपल्या अरण्यापैकी सु. १७ चौ. किमी. क्षेत्र सिंगचुंग-बुगुन ग्राम सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करण्यास मान्यता दिली. पक्ष्याच्या ज्ञात वसतिस्थानाचा महत्त्वाचा भाग त्यात येतो. गावातीलच तरुण तेथे गस्त घालतात. या क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीला २०१८ चा भारतीय जैवविविधता पुरस्कार मिळाला.

बुगुनोरम ही जाती सु. २,००० ते २,४०० मी. उंचीवर, लामा कॅम्प या जुन्या मुक्कामाच्या परिसरात मुख्यतः आढळते. दाट अरण्याच्या गाभ्यापेक्षा मोकळ्या उतारांवरील झुडपे व लहान झाडे यांत तिचा वावर अधिक असतो. त्यामुळे थोडी जुनी तोड झालेली जागा तिला वर्ज्य नाही, पण उतार पूर्ण साफ झाले तर ती टिकणार नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने तिची नोंद अतिशय संकटग्रस्त जातींत केली आहे. पाच जातींपैकी ओमेएन्सिस असुरक्षित गटात मोडते; तैवानची स्टीराय मात्र सुस्थितीत आहे आणि फिनीशिया व रिपोनाय यांचा प्रदेश विस्तृत असल्याने त्यांच्याबद्दल सध्या चिंता नाही. बुगुनोरमचे काही पक्षी रंगाने मंद असतात. त्या माद्या असाव्यात किंवा पूर्ण वाढ न झालेले पक्षी असावेत, असे समजतात.